छापलं, पण पोचवायचं कसं?

१८ डिसेंबर २०२४ ला टपाल खात्याची पुस्तकं स्वस्तात पाठवण्याची सोय, रजिस्टर्ड बुकपोस्ट, अचानक बंद झाली. स्वतःच्या चित्रांचं पुस्तक पदरचे पैसे घालून काढणाऱ्या आणि ते लोणावळ्यासारख्या गावातून विकणाऱ्या आमच्यासारख्यांचा ती कणा होती. मे २०२५ मध्ये तिच्या जागी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली, पण मधल्या महिन्यांत कुरियरने जी लूट केली ती मी विसरणार नाही.

खरं तर लोणावळ्याच्या या मावळ भागात चित्रछपाई जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, कारण आपली चित्रं राजवाड्यांबाहेर घराघरांत जावीत ही त्यांची इच्छा होती. त्या शतकाच्या अखेरीस छापखाना कार्ल्याजवळ मळवलीला आला. छपाई शिळाछापाची: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकेका चित्राला असे कितीतरी दगड. त्या खर्चाने रविवर्मा कर्जात बुडाले आणि छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. १९७२ च्या आगीत तो जळाला. भाज्याच्या लेण्यांसाठी मळवलीला उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१६ मध्ये स्वतःच्या चित्रांचं ‘चित्र रामायण’ काढलं, पण ते संस्थानिक. त्यांचा कित्ता आम्हाला गिरवता येणार नव्हता. पुढची कित्येक दशकं चित्रकाराच्या वाट्याला मुखपृष्ठं आणि दिवाळी अंक आले, त्यांवर मी रेंगाळत नाही.

माझं दशक नव्वदीचं. लोहगड, विसापूर, पवनेचं पाणी, भातलावणी अशी जलरंगातली चित्रं होती. एकाही प्रकाशकाने हात लावला नाही. “रंगीत पुस्तक परवडत नाही,” एवढंच उत्तर. मग दागिने गहाण टाकून हजार प्रती काढल्या. चित्रांच्या ट्रान्स्परन्सी करायच्या, पुण्याला लोकलने जायचं, स्कॅनिंग झालं की चार रंगांच्या पॉझिटिव्ह हातात यायच्या. प्रूफात मावळाचा पावसाळी हिरवा नेहमी निळसर यायचा. तिथला रंग जुळवणारा माणूस भिंगातून ठिपके बघून सांगायचा, सायन दोन टक्के उतरवू या. तशी नजर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. प्लेटा थेट संगणकावरून निघू लागल्या तशी ती माणसं घरी बसली, आणि त्यांचं नाव एकाही पुस्तकात छापलेलं नाही. माझ्याही नाही.

पावसाळ्यात छपाई करायची नाही हे मशीनमनने बजावलं होतं. कागद दमट हवेने ताणला जातो आणि चौथा रंग पहिल्यावर बसत नाही. छापलेले गठ्ठे लोणावळ्याच्या ओलीत ठेवले तर आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून ते तळेगावला बहिणीच्या माळ्यावर गेले.

एका वितरकाने शंभर प्रती निम्म्या किमतीत नेल्या. पैसे आजतागायत आलेले नाहीत. विक्री झाली ती टपालानेच. नागपूर, अकोला, बेळगाव इथून मनीऑर्डरी यायच्या, आणि कुपनावरच्या चार ओळींत लोक चित्रांबद्दल लिहायचे. गडहिंग्लजच्या एका शिक्षकांनी लावणीच्या चित्रातल्या इरल्याची बांधणी आपल्याकडच्याहून वेगळी असल्याचं कळवलं होतं. असा अभिप्राय मला कुठल्याही कलादालनात मिळाला नाही.

आता पन्नास प्रतीही डिजिटल छपाईने निघतात, रंगही चांगले येतात. ते सोपं झाल्याचा मला मनापासून आनंद आहे. पण चित्रांचं पुस्तक जड असतं, आणि गावातल्या चित्रकाराला वाचक गाठायचा तर वजनाचाच हिशेब करावा लागतो. ज्ञान पोस्टात तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर. म्हणून माझी दुसरी आवृत्ती मी पातळ कागदावर काढते आहे. नमुन्याच्या फर्म्यात विसापूरच्या ढगांतून मागच्या पानावरची भातखाचरं दिसत आहेत.