आभासी संगणकाची नाडी

मधुमेहाचा एक रुग्ण घामाघूम होऊन वॉर्डात येतो, अशी कल्पना करा. साखर फार खाली गेली असणार हे उघड दिसते. सिस्टर शिरेतून ग्लुकोज देतात आणि वॉर्डातल्या संगणकावर नोंद करतात, वेळ १०.२०. थोड्या वेळाने ड्युटी बदलते. नवे डॉक्टर पडद्यावर प्रयोगशाळेचा रिपोर्ट पाहतात. साखर ५५, नमुन्याची वेळ १०.१८. म्हणजे ही ग्लुकोज देण्याआधीची साखर, आतापर्यंत वाढली असेल, असे समजून ते पुढच्या खाटेकडे वळतात.

पण प्रयोगशाळेच्या संगणकाचे घड्याळ सहा मिनिटे मागे पडले असेल तर? तर तो नमुना खरा १०.२४ चा, म्हणजे ग्लुकोज दिल्यानंतरचा. ग्लुकोज जाऊनही साखर ५५ वरच असेल, तर तो रुग्ण धोक्यात आहे आणि त्याच्यापासून हलून चालणार नाही. दोन्ही नोंदी प्रामाणिक, साखरेचा आकडाही अचूक. चुकले ते फक्त घड्याळ.

संगणकाचे घड्याळ चुकते, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटते. प्रत्यक्षात ते तुमच्या मनगटावरच्या घड्याळाइतकेच साधे असते. क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि ती थरथर मोजून सेकंद बनतो. असा स्फटिक दहा लाखांत वीस भागांनी चुकला, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो आणि वर्षाला साधारण दहा मिनिटांचा. डीफिब्रिलेटर, मॉनिटर, भिंतीवरचे घड्याळ अशा गोष्टी वर्षानुवर्षे कोणी जुळवल्या नाहीत, तर प्रत्येकाची वेळ वेगळी होते ती यामुळेच. हा आजार जुना आहे आणि उपायही सोपा आहे. दुसरा आजार मात्र नवा आहे.

पूर्वी प्रयोगशाळेचा संगणक टेबलाखाली ठेवलेला असे. आता अनेक रुग्णालयांत सर्व्हर रूममध्ये एकच दणकट यंत्र असते आणि त्याच्या पोटात दहा-पंधरा ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी संगणक, नांदत असतात. एक प्रयोगशाळेचा, एक एक्स-रेचा, एक केसपेपरचा, एक बिलांचा. प्रत्येकाला वाटते की आपण स्वतंत्र यंत्र आहोत. प्रत्यक्षात खरा संगणक म्हणजे यजमान, आणि हे सगळे त्याच्याकडे उतरलेले पाहुणे. यजमान आपला प्रोसेसर प्रत्येकाला आळीपाळीने, सेकंदाच्या लहान लहान तुकड्यांनी वापरायला देतो. ज्याची पाळी नसते तो पाहुणा जागच्या जागी थिजतो. आपण थिजलो होतो, हे पाळी आल्यावरही त्याला कळत नाही.

भूल दिलेल्या माणसाचे असेच होते. झोपेतून उठलेल्याला किती वेळ गेला याचा थोडाफार अंदाज असतो, पण भूल उतरलेला रुग्ण विचारतो, ‘ऑपरेशन कधी सुरू करणार?’ ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी मधमाश्यांना दिवसा सहा तास भूल देऊन पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जाग आल्यावर माश्यांचे शरीरातले घड्याळ तीनेक तास मागे पडलेले होते. माश्या सूर्यावरून दिशा ठरवतात. त्यांनी वेळ चुकीची धरली आणि दिशाही चुकली.

आभासी संगणकात या घोळाची सुरुवात अगदी जन्माच्या क्षणी होऊ शकते. संगणक सुरू झाला की सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. विंडोज किंवा लिनक्स त्याच्यानंतर उठतात. फर्मवेअरला एक प्राथमिक काम करावे लागते. आपला प्रोसेसर किती वेगाने धावतो हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो स्वतःची नाडी मोजतो.

नाडी मोजणे हा इथे नुसता अलंकार नाही. इंग्लंडमधील लिचफील्डच्या जॉन फ्लॉयर या वैद्याने १७०७ मध्ये नाडीसाठी खास घड्याळ वापरात आणले. ते बरोबर एक मिनिट चालून थांबायचे. तोवर नाडी मंद की जलद हे बोटांच्या अनुभवावर ठरत असे, तिला आकडा मिळू लागला तो अशा घड्याळामुळे. फर्मवेअर हेच करते. एका हाताला ठरावीक वेगाचा टायमर, दुसऱ्या हाताला प्रोसेसरचे ठोके. टायमरवर, समजा, दहा मिलिसेकंद होईपर्यंत ठोके मोजायचे आणि त्यावरून वेग काढायचा. पुढे कुठेही थांबायचे असेल किंवा किती वेळ गेला हे जाणायचे असेल, तर याच आकड्याने भागाकार. हा टायमर पुष्कळदा १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या चिपची नक्कल असतो. सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके हा तिचा विचित्र आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीच्या स्फटिकावरून आला आहे आणि अजून पिच्छा सोडत नाही.

आता मोजणी चालू असतानाच पाहुणा थिजला तर? टायमरचे दहा मिलिसेकंद संपले, पण ठोक्यांचा शेवटचा आकडा वाचण्याआधीच यजमानाने त्याला पाच मिलिसेकंद बाजूला ठेवले. प्रोसेसरचे ठोके त्या वेळातही पुढे जात राहिले. पाहुण्याच्या हिशोबी पंधरा मिलिसेकंदांचे ठोके दहातच पडले, म्हणजे प्रोसेसर दीडपट वेगवान ठरला. मग या आकड्याने मोजलेला प्रत्येक सेकंद खऱ्या दीड सेकंदाचा होतो आणि घड्याळ मागे मागे पडत जाते. इंटर्न नाडी मोजत असताना मध्येच कोणी हाक मारावी आणि परत येऊन त्याने वाढलेली संख्या पंधराच सेकंदांची म्हणून लिहावी, तसे हे.

यावर एक साधा उपाय आहे. मोजणी तीन-चारदा करायची आणि सर्वांत लहान आकडा धरायचा. डॉक्टर अशा वेळी सरासरी काढतील, पण इथे सरासरी फसवते, कारण अडथळा आला की ठोके जास्तच मोजले जातात, कमी नव्हे. सर्वांत लहान आकडा म्हणजे सर्वांत कमी व्यत्यय आलेली मोजणी. लिनक्सही प्रोसेसरची नाडी अशीच पाहतो. मात्र यजमानावर फार ताण असेल तर प्रत्येक मोजणीत व्यत्यय येणार, आणि मग लहानात लहान आकडाही चुकीचाच.

म्हणून अधिक शहाणपणाचा मार्ग पुढे आला. मोजत बसण्यापेक्षा यजमानालाच विचारायचे. नव्या व्यवस्थांमध्ये यजमान पाहुण्याला सरळ सांगतो, तुझ्या प्रोसेसरचा वेग इतका आणि आत्ता वाजले इतके. लिनक्समधील केव्हीएम, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही, व्हीएमवेअर या सगळ्यांत अशी सोय आहे. तरीही जुने सॉफ्टवेअर तिचा उपयोग करत नाही, किंवा ती सोय बसवताना चालू करायची राहून जाते. आणि एकदा चालू झालेली यंत्रणा कोणी उघडून पाहत नाही, निदान काही बिघडेपर्यंत तरी.

यजमानाची स्वतःची वेळ बरोबर कशी राहते? त्यासाठी तो नेटवर्कवरून अधिकृत वेळ घेतो. ही एनटीपी नावाची पद्धत अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास घडवली. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर राखते. सीईआरटी-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सरकारी कार्यालये, कंपन्या आणि डेटा सेंटर यांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवावीत, असे सांगितले आहे. निर्देश सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी निघाले, पण केसपेपरलाही त्यांचा तितकाच उपयोग आहे.

जुळवण्यातही तारतम्य हवे. पुढे गेलेले घड्याळ एकदम मागे ओढले, तर १०.२० दोनदा वाजतात आणि आधी दिलेले औषध नंतर दिल्यासारखे दिसते. म्हणून एनटीपी लहान चूक हळूहळू, दुसऱ्याला कळणारही नाही अशा बेताने भरून काढते. एका सेकंदाची चूक भरायला साधारण अर्धा तास लागतो. रक्तातले सोडियम फार खाली गेले असेल तर ते घाईने वर आणत नाहीत, तशीच ही सावधगिरी. मिनिटांची चूक मात्र अशी भरत बसता येत नाही. तिथे काटा उचलून ठेवावाच लागतो, आणि तो केव्हा व किती हलवला याची नोंद ठेवावी लागते. ही नोंद बहुतेक ठिकाणी राहते ती नेमकी कोऱ्या रकान्याच्या रूपात.

सलाइनचा पंप किंवा व्हेंटिलेटर या घोळात सहसा सापडत नाही. त्यांचे काम त्यांच्याच आतल्या स्फटिकावर चालते, सर्व्हर रूमवर नव्हे. गोंधळ होतो तो वेगवेगळ्या घड्याळांच्या नोंदी एका पानावर आल्या की. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला अ‍ॅड्रेनलिन दर तीन ते पाच मिनिटांनी द्यायचे असते. पहिला डोस भिंतीवरच्या घड्याळाचा, दुसरा मॉनिटरचा आणि शॉकची वेळ डीफिब्रिलेटरची, असे लिहिले गेले तर त्यातून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. त्या वीस मिनिटांसाठी एकच घड्याळ आणि लिहिणारा एकच माणूस, हा नियम फुकट पाळता येतो.

घरच्यांकडेही या साखळीतले एक घड्याळ असते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूतली मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘शेवटचे ठीक कधी होते?’ उत्तर बहुधा मिळते, ‘सकाळी कधीतरी.’ मोबाइलची वेळ नेटवर्कवरून आपोआप जुळत राहते. तोंड वाकडे झालेले दिसले, हात उचलेना, की त्यावर वाजलेले बघून ठेवावे आणि त्याआधी माणूस धडधाकट कोणी, केव्हा पाहिला तेही विचारून ठेवावे. रुग्णालयातली सगळी घड्याळे बरोबर असली, तरी ही वेळ त्यांपैकी एकाही घड्याळाकडे नसते.