अर्ध्या मिलिमीटरची फट

माझ्या पाचगणीच्या मावशीला डोळ्याचं दुखणं घड्याळामुळे कळलं. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तिने तो पदराने झाकला आणि किती वाजले ते बघायला मान वर केली. बारा, तीन, सहा, नऊ, सगळे आकडे जागच्या जागी होते. पण काटे मधोमध कुणीतरी चिमटीत धरून आत ओढल्यासारखे दिसत होते, आणि ज्या खिळ्यावर ते फिरतात तो खिळाच दिसत नव्हता. डावा डोळा उघडला तर घड्याळ पुन्हा नीट. मोतीबिंदू येत असेल, पिकला की काढू, असं म्हणून तिने चार महिने हे कुणाला सांगितलंही नाही.

हे चार महिने मला अजून टोचतात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. आणि साठीनंतर डोळ्याची कुठलीही तक्रार आपल्याकडे मोतीबिंदूच्या खात्यावर जमा होते. मोतीबिंदूने सगळंच धुरकट दिसतं. इथे कडेचं सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि नेमकं जिथे बघावं तेवढंच बिघडलं होतं.

पुण्यात डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यावर प्रकाशाची एक बारीक उभी रेघ पाडली आणि विचारलं, ‘‘काकू, रेघ सलग दिसते का?’’ ती म्हणाली, ‘‘मध्ये तुटली आहे.’’ या साध्या चाचणीला वॉट्झके-ॲलन चाचणी म्हणतात. मग ओसीटी स्कॅन झालं. संगणकावर पडद्याचा उभा छेद उमटला. दोन्हीकडून उंचावत आलेल्या कडा, मध्ये खोल दरी. मावशी म्हणाली, ‘‘ही तर विहीर आहे.’’ विहिरीची रुंदी 420 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी. डॉक्टर त्याला मॅक्युलर होल म्हणाले.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पडदा साधारण पाव मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या मध्यावर जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंदीचा मॅक्युला, मराठीत पीतबिंदू. त्याच्याही मध्यभागी एक छोटा खळगा आहे. तिथे शंकूच्या आकाराच्या प्रकाशपेशी इतक्या दाट असतात की एका चौरस मिलिमीटरमध्ये दीड-दोन लाख मावतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखणं, सगळं बारीक काम या खळग्याच्या जिवावर चालतं. मावशीच्या उजव्या डोळ्यात नेमकी तिथेच फट पडली होती.

अशा छिद्राची नोंद 1869 साली हर्मन क्नाप यांनी केली. तो रुग्ण डोळ्याला मार लागलेला होता, त्यामुळे ही छिद्रं माराने पडतात अशी समजूत बरीच वर्षं टिकली. चेंडू किंवा विटी डोळ्यावर बसून असं छिद्र आजही पडतं, आणि तरुण वयात कधीकधी ते आपोआप मिटतंही. पण बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात, त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक, आणि त्यांना काहीही लागलेलं नसतं. मग छिद्र पडतं कशाने?

याचं नीट उत्तर द्यायला 1988 साल उजाडलं. मायामीच्या बॅस्कम पामर संस्थेत डोनाल्ड गॅस नावाचे डॉक्टर होते. ओसीटी तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. प्रकाशाची फट, एक भिंग आणि विलक्षण तीक्ष्ण नजर एवढ्या भांडवलावर त्यांनी रुग्णांचे डोळे पुन्हा पुन्हा तपासले आणि छिद्र कसं पायरीपायरीने वाढतं ते मांडलं. दोष पडद्याचा नसून त्याच्या पुढ्यातल्या जेलीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोळ्याच्या पोकळीत सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक जेली भरलेली असते. तिच्यात जवळजवळ सगळं पाणीच, आणि त्याला बांधून ठेवणारे कोलॅजनचे धागे. वय वाढतं तशी ती पातळ होते आणि पडद्यापासून सुटते. बहुतेकांना यातून डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगण्यापलीकडे काही होत नाही. काहींच्या डोळ्यात मात्र ती सगळीकडून सुटूनही त्या खळग्याला चिकटून राहते आणि ओढत राहते. अगदी सुरुवातीच्या पायरीवर साधारण निम्म्या डोळ्यांत ही पकड आपोआप सुटते, म्हणून तेव्हा डॉक्टर वाट बघतात. पूर्ण छिद्र पडल्यावर ते आपण होऊन मिटणं दुर्मीळ.

1995 साली गॅस यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला ती या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटते. छिद्रातून पडद्याचा तुकडा सहसा निघून गेलेला नसतो. प्रकाशपेशी चहूबाजूंनी बाहेर सरकलेल्या असतात. सुती साडीत बाभळीचा काटा घुसला तर भोक दिसतं, पण दर वेळी धागा तुटलेला असतोच असं नाही. कापड ओलं करून नखाने हलकेच चोळलं की सरकलेले धागे पुन्हा जवळ येतात. पडद्याचंही तसंच.

मावशीचे चिमटलेले काटे याचाच पुरावा होते. बाहेर सरकलेल्या पेशी मेंदूला आपला जुनाच पत्ता कळवत राहतात. कडेला जाऊन बसलेली पेशी ‘मी मध्यावरच आहे’ म्हणते, म्हणून कडेचं दृश्य मेंदूला मध्याकडे गोळा झालेलं दिसतं. या आजाराच्या माणसाला समोरच्याचा चेहरा नाकाशी आक्रसलेला दिसतो, तोही यामुळेच. पेशी मेल्या असत्या तर तिथे नुसता अंधार असता. त्या बोलत आहेत, फक्त चुकीच्या जागेवरून.

तरीही 1990 पर्यंत अशा रुग्णाला बहुधा एकच उत्तर मिळे, यावर इलाज नाही. डोळ्यातल्या जेलीपर्यंत पोहोचण्याची वाट खरं तर आधीच सापडली होती, आणि तीही गॅस यांच्याच संस्थेत. जर्मनीहून आलेले रॉबर्ट माखेमर यांनी जेली कापता-कापता शोषून घेणारं नळीसारखं हत्यार बनवलं. त्याच्या चाचण्या त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये अंड्यातल्या पांढऱ्या भागावर घेतल्या. 1970 मध्ये ते माणसाच्या डोळ्यावर वापरलं गेलं. पण बारीक नजरेच्या त्या खळग्याजवळ हत्यार नेणं म्हणजे उरलेली नजरही घालवणं, ही भीती आणखी वीस वर्षं राहिली. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचे नील केली आणि रॉबर्ट वेंडेल यांनी ती ओलांडली. 1991 साली त्यांनी 52 रुग्णांचे निष्कर्ष छापले. 30 जणांचं छिद्र मिटलं होतं, आणि त्यांतल्या 22 जणांना दृष्टितक्त्यावर दोन किंवा अधिक ओळी जास्त वाचता येऊ लागल्या होत्या. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतच, एमआयटीतल्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसीटीचा शोध प्रसिद्ध केला. उपाय आणि तो लागू पडला की नाही हे दाखवणारा डोळा, दोन्ही एकाच वर्षात हाती आले.

मावशीची शस्त्रक्रिया तासाभराची होती. फक्त डोळा बधिर केलेला, बाकी ती जागी. तिचा मोतीबिंदूही त्याच वेळी काढला, कारण या वयात जेली काढलेल्या डोळ्यात पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढतोच. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तीन नळ्या आत सरकवतात. एकीतून पाणी, दुसरीतून दिवा, तिसरीतून हत्यार. टाका सहसा लागत नाही. आधी जेली काढायची आणि पडद्यावरची तिची पकड सोडवायची. ओढणारा हात इथे सुटतो.

यापुढचं काम सगळ्यांत नाजूक. पडद्याच्या सर्वांत वर एक पारदर्शक पापुद्रा असतो, दोन-तीन मायक्रॉन जाडीचा. आपला केस याच्या वीस-तीसपट जाड भरेल. हा पापुद्रा ताठ असल्यामुळे छिद्राच्या कडा एकमेकींकडे सरकू शकत नाहीत. म्हणून छिद्राभोवती तो गोलाकार सोलून काढतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 141 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, पापुद्रा सोललेल्या डोळ्यांपैकी 84 टक्के डोळ्यांत महिन्याभरात छिद्र मिटलं होतं; न सोललेल्यांत 48 टक्के.

पण जे दिसतच नाही ते सोलणार कसं? त्यासाठी तो पापुद्रा रंगवतात. या निळ्या रंगाची वंशावळ मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लोकर रंगवण्यासाठी ‘कूमासी’ नावाचे रंग विकले जात. आज घाना देशात असलेल्या कुमासी शहरावरून ते नाव ठेवलं होतं. पुढे जीवरसायनशास्त्रज्ञांनी त्यातला निळा रंग प्रथिनं ओळखायला वापरला, आणि 2006 मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्याने हा पापुद्रा रंगवून दाखवला. आधी वापरात असलेल्या हिरव्या रंगाचा पडद्याला अपाय होण्याची शंका होती, म्हणून या सौम्य निळ्याचं स्वागत झालं. आता मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची ऑरोलॅब हा रंग भारतात बनवते. लोकरीच्या गिरणीतला रंग साताऱ्याच्या डोंगरातल्या बाईच्या डोळ्यात थोडा वेळ उतरला आणि धुऊन निघाला.

आता यानंतर छिद्र शिवत असतील असं वाटेल. कुणीही काही शिवत नाही, चिकटवतही नाही. डोळ्यातलं पाणी काढून गॅस भरतात आणि बाकीचं डोळ्यावर सोपवतात. गॅसचा फुगा छिद्राचं तोंड झाकतो, आत नवं पाणी शिरू देत नाही. पडद्यामागच्या पेशींचा थर छिद्रात साचलेलं पाणी खेचून घेतो. सुजलेल्या कडा खाली बसतात, जवळ येतात आणि पडद्याच्या आधारपेशी त्यांच्यामध्ये पूल बांधतात. गॅसमधून घेतलेल्या स्कॅनमध्ये बहुतेक छिद्रं पहिल्या काही दिवसांतच मिटलेली दिसतात.

फुगा नेहमी वर जातो आणि छिद्र असतं डोळ्याच्या मागे. म्हणून त्याला तिथे टेकवायचं तर तोंड जमिनीकडे हवं. मावशीने सात दिवस मान खाली घातली. जेवणं, चहा, झोप, सगळं तसंच. मांडीवर आरसा ठेवून ती त्यात टीव्ही बघायची, आणि उरलेल्या वेळात तिने दोन डबे भरून वाती वळल्या. माझ्या मते या उपचाराचा निम्मा भार रुग्णाच्या मानेवर असतो, आणि तिच्या चिकाटीची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही. ही शिक्षा किती दिवस हवी, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. छोट्या छिद्रांसाठी अनेक जण ती दोन-तीन दिवसांवर आणतात. ब्रिटनमध्ये 400 मायक्रॉनच्या वरच्या छिद्रांवर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मान खाली ठेवणाऱ्यांत सुमारे 95 टक्के, तर समोर बघत बसणाऱ्यांत सुमारे 85 टक्के छिद्रं मिटली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरला नाही. पण मावशीचं छिद्र 420 चं होतं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही वाती वळल्या असत्या.

मान वर करायची परवानगी मिळाली तरी ती घरी जाऊ शकली नाही. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरच्या आसपास, पाचगणी 1,300 च्या. एवढं चढल्यावर हवेचा दाब साधारण आठ टक्क्यांनी उतरतो, आणि बंद डोळ्यातला गॅस तितकाच फुगायला बघतो. चार मिलिलिटरच्या डोळ्यात वाढलेले पाव-तृतीयांश मिलिलिटर जाणार कुठे? डोळ्याचा दाब चढतो, भयंकर वेदना होतात आणि नजर कायमची जाऊ शकते. म्हणून गॅस असेपर्यंत विमान नाही, घाट नाही. दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेसाठी भूल घ्यायची वेळ आली तर आधी हे सांगायलाच हवं, कारण भुलेचा नायट्रस ऑक्साइड या फुग्यात शिरून तो फुगवतो. आपल्याकडे सूचनापत्रकात ‘विमानप्रवास टाळा’ एवढंच छापतात. वाई, जावळी, महाबळेश्वरच्या माणसाने विमान कशाला डोक्यात आणावं? त्याला घाटाबद्दल सांगायला हवं, आणि मराठीत सांगायला हवं.

काही वेळा छिद्र फारच मोठं असतं. अशा डोळ्यांसाठी पोलंडच्या वूच शहरातल्या झोफिया मिखालेव्स्का आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये वेगळी युक्ती मांडली. सोललेला पापुद्रा पूर्ण न काढता त्याची कड छिद्राशी जोडलेली ठेवायची आणि तो उलटा पालथा घालायचा. मोठ्या छिद्रांत त्यांचं यश 88 वरून 98 टक्क्यांवर गेलं. त्यातूनही न मिटणाऱ्या छिद्रांत अलीकडे बाळाच्या वारेचं पातळ आवरण बसवतात. 2012 मध्ये जेलीची पकड सोडवणारं एक इंजेक्शनही आलं होतं. निवडक डोळ्यांत त्याने सुमारे 40 टक्के छिद्रं मिटवली, पण शस्त्रक्रियेची जागा त्याला घेता आली नाही.

छिद्र मिटलं म्हणजे नजर पूर्वीसारखी झाली असं नाही. पेशी जितके महिने भलत्या जागी राहतात तितक्या त्या थकत जातात, म्हणूनच त्या चार महिन्यांचं मला वाईट वाटतं. पडदा सुटण्यासारखी गुंतागुंतही काही डोळ्यांत होते. सुधारणा हळूहळू, वर्षभरदेखील होत राहते.

शस्त्रक्रियेनंतर मावशीला आधी फक्त करडा प्रकाश दिसायचा. मग वरच्या बाजूने पाण्याची पातळी दिसावी तशी एक रेघ आली आणि रोज थोडी खाली उतरू लागली. पडद्यावर प्रतिमा उलटी पडते, म्हणून डोळ्यात वर तरंगणारा फुगा माणसाला खाली दिसतो. चौथ्या आठवड्यात तो गोटीएवढा झाला, मान हलवली की घरंगळायचा. आणि एका सकाळी नाहीसा झाला. डॉक्टरांनी डोळा तपासून होकार दिल्यावर आम्ही वाईहून पसरणीचा घाट चढलो. ती खिडकीशी बसली होती, डावा डोळा तळहाताने झाकून, आणि रस्त्याकडेचे दगड मोठ्याने वाचत होती. आकड्यांच्या कडा जरा वाकड्या होत्या म्हणाली. एकदा तीनचा आठ वाचला, तेव्हा ड्रायव्हरने तिला तो दुरुस्त करून सांगितला.