ग्रंथालयाची खतावणी : जमा, खर्च आणि समाजाची साथ

नाशिकच्या टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालयाचा जन्म १८४० सालचा. त्यापूर्वी रत्नागिरीत १८२८ मध्ये आणि अहमदनगरला १८३८ मध्ये अशी ग्रंथालये निघाली होती. पुण्याचे नगर वाचन मंदिर त्यानंतर, १८४८ मध्ये स्थापन झाले. मुंबई इलाख्यात रेल्वे धावण्यापूर्वी गोदाकाठच्या या तीर्थक्षेत्री ग्रंथांची देवघेव सुरू झाली आणि ‘सावाना’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था आजही उभी आहे. ग्रंथविभागाबरोबर वस्तुसंग्रहालय आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृह असा तिचा संसार विस्तारलेला आहे.

पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ एखादी पेढी चालली, तर तिच्या वह्या पाहण्याची उत्सुकता व्यापारी माणसाला साहजिकच वाटेल. ग्रंथालय ही नफ्याची पेढी नव्हे. पण जमा-खर्चाचे गणित तिलाही चुकत नाही. हे गणित जुळवण्याचे काम सभासदांनी निवडून दिलेल्या कार्यकारी मंडळाकडे असते. हे पदाधिकारी स्वतःचा व्यवसाय वा नोकरी सांभाळून दुसऱ्यांच्या वाचनाची तजवीज करतात.

जमेची बाजू प्रथम पाहू. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचे उत्पन्न मुख्यत्वे चार वाटांनी येते : सभासदांची वर्गणी, शासनाचे अनुदान, देणग्या व ठेवींवरील व्याज, आणि सभागृहासारख्या मालमत्तेचे भाडे. सभासदांकडून घेतलेली अनामत मात्र उत्पन्न नव्हे. ती देणे आहे. सभासद उद्या परत मागेल तेव्हा हाती असली पाहिजे. अनामतीवर दैनंदिन खर्च भागवणारी संस्था ग्राहकाच्या ठेवीवर घरखर्च चालवणाऱ्या दुकानदारासारखीच अडचणीत येते. भाड्याचे उत्पन्नही बेभरवशाचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि राज्यातील नाट्यगृहे व वाचनालये कित्येक महिने बंद राहिली. ज्या संस्थांनी राखीव निधी बाजूला ठेवला होता, त्यांनाच त्या काळात थोडाफार आधार मिळाला.

अनुदानाचा पाया ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ या कायद्याने घातला. त्याने राज्य ग्रंथालय परिषद, जिल्हा ग्रंथालय समित्या आणि ग्रंथालय निधी यांची रचना केली. या निधीत शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, असे कायद्यात नमूद आहे. मद्रास राज्याच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेण्याची सोय केली. कर्नाटकानेही पुढे तोच मार्ग धरला. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. देशातील पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने केला होता, ही गोष्ट लक्षात घेतली तर हे वेगळेपण अधिकच जाणवते. उपकर नसल्यामुळे येथील ग्रंथालयांची भिस्त राज्याच्या अर्थसंकल्पावर राहते.

मान्यताप्राप्त ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेली आहेत. २०१२ नंतर तब्बल दहा वर्षे अनुदानाचे दर बदलले नाहीत. राज्यभरातील ग्रंथालय संघांनी निवेदने दिली, आमदारांच्या भेटी घेतल्या, मोर्चे काढले. तेव्हा कोठे २०२२ मध्ये ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. जिल्हा ‘अ’ वर्गाचे वार्षिक अनुदान ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजार रुपये झाले. ‘ड’ वर्गाचे ३० हजारांवरून ४८ हजार. वाढ मोठी वाटते. मात्र बाराने भागून पाहावे. २०२२ च्या त्या दराने खेड्यातील ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला महिन्याला ४ हजार रुपये मिळाले. त्यात ग्रंथपालाचे मानधन, वृत्तपत्रे, नवी पुस्तके आणि विजेचे बिल बसवायचे. जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयाच्या वाट्याला त्या दराने महिन्याला ९६ हजार आले. अनेक सेवकांचे वेतनही त्यातूनच भागवावे लागते.

खर्चाच्या बाजूचे खरे दुखणे हेच आहे. इमारतीसाठी दाता मिळतो, कपाटावर नाव कोरायला दाता मिळतो; पण पुस्तक शोधून वाचकाच्या हाती देणाऱ्या सेवकाच्या पगारासाठी दाता क्वचितच पुढे येतो. ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १८८३ ते १९२९ या काळात जगभर सुमारे अडीच हजार ग्रंथालये उभी राहिली. त्यांची अट मोठी व्यवहारी होती : इमारतीचा पैसा माझा, परंतु जागा गावाने द्यावी आणि इमारतीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी चालू खर्चासाठी गावानेच मंजूर करावी. ग्रंथालय बांधून संपत नाही, ते रोज चालवावे लागते, हे त्या पोलादाच्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते.

आपल्या परंपरेतही निधीचा हेतू जपण्याची शिस्त जुनी आहे. ज्ञानद्रव्य हे देवद्रव्याप्रमाणेच स्वतंत्र राखावे, ते दुसऱ्या कामी वळवू नये, हा दंडक श्रावकांना नवा नाही. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांतील ताडपत्रे शतकानुशतके टिकली, ती अशा शिस्तीमुळे आणि त्यांची निगा राखणाऱ्या हातांमुळे. हीच रीत आधुनिक ग्रंथालयाला लावता येते. दात्याने नाव पुस्तकांच्या कपाटाला न देता कायम ठेवीला द्यावे; मुद्दल अखंड राहावे आणि व्याजातून सेवकाचे वेतन, बालविभाग किंवा जुन्या पोथ्यांचे जतन यांपैकी एक निश्चित काम चालावे.

उद्योगांसाठी आणखी एक वाट खुली आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालयांच्या उभारणीचा स्पष्ट उल्लेख आहे. सातपूर-अंबडच्या उद्योजकांपुढे कार्यकारी मंडळाने जायचे, तर केवळ विनंतीपत्र पुरेसे नाही. वर्षभरात किती वाचक आले, किती पुस्तके फिरली, अभ्यासिकेत किती विद्यार्थी बसले, एका वाचकामागे किती खर्च झाला, हा हिशेब हाती हवा. व्यापारी माणूस भावनेने ऐकतो, पण आकड्यांनी पटतो.

सेवांचे नियोजनही याच आकड्यांतून व्हावे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था असल्याचे सांगते. वाढ म्हणजे केवळ कपाटांची संख्या नव्हे. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी शांत जागा मागतो, ज्येष्ठ नागरिक घरपोच पुस्तक मागतात, लहान मुलांना हाताळून फाटले तरी चालेल असे चित्रांचे पुस्तक हवे असते. सगळे एकाच वर्षी देता येत नाही. म्हणून तीन वर्षांचा क्रम ठरवून तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे इष्ट.

त्या सभेला किती सभासद येतात, यावर संस्थेचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. दहा वर्षे गोठलेले अनुदान मोकळे झाले ते संघटित मागणीमुळे. लोकप्रतिनिधीला ग्रंथालयामागे मतदार उभे दिसले, तरच अर्थसंकल्पात ग्रंथालयाची ओळ टिकते. व्यापारी कुटुंबांना यासाठी फार काही करावयाचे नाही. घरातील प्रत्येक पिढीचे एक सभासदत्व घ्यावे, वार्षिक सभेत ताळेबंद वाचावा, प्रश्न विचारावेत, आणि विवाह वा पुण्यतिथीच्या निमित्ताने द्यावयाची रक्कम संस्थेच्या कायम ठेवीत द्यावी. हिशेब पाहण्याची आपली पिढीजात सवय हीसुद्धा एक देणगीच आहे. लेखापरीक्षणाला, खरेदीच्या दरपत्रकांना आणि ठेवींच्या मुदतींना तिची नितांत गरज असते.

राज्यात हजारो मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतील पुष्कळांचे दार संध्याकाळी दोन-तीन तास उघडते, ते अत्यल्प मानधनावर काम करणाऱ्या एका माणसाच्या निष्ठेवर. ती निष्ठा हे आपल्या समाजावरचे उधार आहे आणि वहीत मांडलेले उधार वेळेवर फेडणे हाच पेढीचा धर्म होय.