बाळाला वाटीने प्यायला शिकवताना

मागच्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या एका घरी गेलो. आठ महिन्यांचं बाळ, सकाळपासून सात-आठ वेळा पातळ शी झालेली, ओठ सुकलेले. आई धुण्याभांड्याच्या कामाला गेलेली, घरात आजी. आम्ही एक लिटर पाणी मोजून त्यात ओआरएसचं पाकीट कालवलं आणि वाटी बाळाच्या ओठांना लावली. त्या वाटीचं काय करायचं, हेच बाळाला कळेना. जिभेने ढकलायचं आणि रडायचं. आजी म्हणाली, "ताई, ते बाटलीबिगर कशाला तोंडच लावत नाही. बाटलीत भरून द्या की." बाटली हातात घेतली तर निपलला आंबूस वास. त्याच बाटलीतून जुलाबाचं औषध कसं द्यायचं? शेवटी दोघींनी मिळून चमच्या-चमच्याने तासभर पाजलं. बाळ सावरलं.

आजीला आम्ही बोल लावला नाही. बाटली दिली की बाळ गप्प पडतं, हात मोकळे होतात, चूल पेटते. आमच्यातल्या एकीने तर नर्स असूनही, ड्युटीवर परत जाताना स्वतःच्या पहिल्या मुलीला बाटलीच लावली होती. तेव्हा उपदेश नाही. जे बघितलं ते सांगतो.

बाटलीचा दोष तिच्या आकारात आहे. गळा अरुंद, निपलला आतून खाच, तिथे दुधाचा पातळ थर चिकटून राहतो. नुसतं विसळून तो जात नाही. उकळत्या पाण्यात घालायची तर दर वेळी घालायला हवी, आणि ज्या घरात नळाला तासभर पाणी येतं आणि सिलिंडर महिनाभर पुरवायचा असतो, तिथे ते होत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात त्या थरात जंतू भराभर वाढतात आणि बाळाला जुलाब लागतात. स्टीलच्या वाटीला कोपरा नाही, खाच नाही. साबणाने घासली, स्वच्छ पाण्याने धुतली, पालथी घातली की झालं. शिवाय निपलची सवय लागलेलं लहान बाळ पुढे आईचं दूध नीट ओढत नाही, आणि रात्री तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडून काळे पडतात. ते तर तुम्ही आपल्या गल्लीतही पाहिले असतील.

आपल्या देशात 1992 पासून कायदा आहे. दूध पाजायच्या बाटलीची आणि बाळाच्या डब्यातल्या दुधाची जाहिरात करायला त्याने बंदी घातली आहे. तरी नामकरणाला आहेरात बाटली येतेच! चोच असलेला सिपरही येतो. तो दिसायला कपासारखा, पण त्याच्या झाकणातही तीच घाण अडकते आणि बाळ त्यातून चोखतच राहतं.

"इतकं लहान बाळ वाटीने कसं पिणार?" हा प्रश्न हमखास येतो. दवाखान्यात कमी दिवसांचं, दीड किलोचं बाळ अंगावर ओढू शकत नाही, तेव्हा त्याला आईचंच दूध वाटी-चमच्याने पाजतात. आपल्या आज्या-पणज्यांकडे बोंडलं होतंच. फक्त एक सांगायला हवं. बाळाला आडवं धरून, नाक दाबून घशात ओतायची जुनी रीत वाईट. त्याने दूध श्वासनळीत जातं आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

आता रीत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले, वरचं जेवण सुरू झालं, की जेवताना वाटीने दोन-चार घोट पाणी द्यायला लागायचं. शिकायला हीच वेळ चांगली. बाळ जागं आणि खुशीत असावं, झोपाळलेलं किंवा रडत असलेलं नको. मांडीवर सरळ बसवा, पाठीला आपल्या अंगाचा टेकू, गळ्याभोवती फडकं. वाटी किंवा पेला लहान आणि पातळ काठाचा घ्या, काठ कुठे कापरा नाही ना ते बोट फिरवून बघा. काठ खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि वाटी इतकीच कलती करा की पाणी ओठाला लागेल. मग थांबा. ओतायचं नाही. बाळ आधी जिभेने चाटेल, मग ओठ पुढे काढून ओढेल. एक घोट गेला की वाटी खाली, गिळू द्या, मग पुढचा. तोंड फिरवलं की बंद.

सांडणार. पहिले आठ-दहा दिवस पोटात कमी आणि फडक्यात जास्त जाणार. थोडासा ठसकाही लागेल. बाळ खोकून स्वतःच मोकळं झालं तर घाबरू नका, पण पुढचा घोट आणखी लहान द्या. रिकामी वाटी खेळायला दिली तर फार उपयोग होतो. साधारण वर्षाचं होईतो बाळ दोन्ही हातांनी पेला धरायला लागतं. दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलं बऱ्यापैकी न सांडता पितात.

एक गंमत सांगतो. "आमचं बाळ कपाने पीतच नाही" म्हणणाऱ्या एका घरी तेच बाळ आजोबांच्या मांडीवर बसून बशीतला चहा फुरक्या मारत पीत होतं! म्हणजे येत होतं, फक्त बशीत चहा होता. चहा मात्र बाळाला नको. अन्नातलं लोह त्याच्यामुळे अंगी लागत नाही आणि आपल्या पोरांच्या अंगात रक्त आधीच कमी. बाटलीबंद सरबतंही नकोत. उकळून गार केलेलं, झाकलेलं पाणी द्या. पिंपात पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

कामावर जाणाऱ्या आयांसाठी. हात धुऊन, अंगावरचं दूध स्वच्छ, झाकणाच्या वाटीत काढून ठेवा. गार जागी ठेवलेलं दूध चार तासांच्या आत घरातल्यांनी वाटीने पाजावं. घरातल्यांनी म्हणजे नेहमी आजीने किंवा नऊ वर्षांच्या बहिणीने असं नाही. बापाच्या हातालाही वाटी धरता येते.

बाटलीची सवय लागलेली असेल तर एकदम हिसकावू नका. आधी दुपारची बाटली बंद करून तेवढं वाटीने द्या. चार-पाच दिवसांनी सकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी सुटते, तेव्हा दोन-तीन रात्री रडारड होईल. शेजारणींना आधी सांगून ठेवा.

जुलाब लागलेच तर ओआरएस वाटी-चमच्यानेच, थोडं थोडं, आणि आईचं दूध चालूच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्या, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्या. बाळ काहीच पीत नसेल, सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, शीतून रक्त जात असेल, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या ओसरीवर बसतो. बाळाला घेऊन या, करून दाखवतो. येताना घरची वाटी आणा, आमच्याकडे दोनच आहेत.