पाय घसरला, पण का?

नरकचतुर्दशीची पहाट होती. नातवंडांना तेल-उटणं लावून आई स्वतः न्हाणीघरात गेली आणि पाचच मिनिटांत आतून धप्प असा आवाज आला. कडी आतून लावलेली. दार उघडेपर्यंत वीस मिनिटं गेली. ती डाव्या कुशीवर पडली होती. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं. खुब्याचं हाड मोडलं की बहुतेकदा पाय असाच दिसतो, हे आम्हाला नंतर कळलं. केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या.’

त्यात खोटं काहीच नाही. पण ७८ वर्षांच्या आईने आदल्या रात्री झोपेची गोळी घेतली होती. बीपीची गोळी वाढवून दोनच आठवडे झाले होते. मधुमेहाने तळपाय इतके बधिर झालेले की चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला पत्ता लागत नसे. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘दिवाळी होऊन जाऊ दे’ म्हणत लांबवलेलं. फरशीवरचं तेल हे शेवटचं निमित्त.

आपण उभे राहतो ते डोळे, आतला कान आणि तळपाय-सांधे यांच्याकडून मेंदूला सतत खबर मिळते म्हणून. एक कमी पडला तर बाकीचे दोघं सांभाळून घेतात. म्हातारपणी तिघंही एकदम थकतात, आणि तोल गेल्यावर सावरायला मांडीच्या स्नायूंत जोर उरलेला नसतो. झोपेतून झटकन उठलं की रक्त पायांकडे उतरतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. रात्री लघवीला उठताना, अंधारात, अर्धवट झोपेत नेमकं हेच घडतं.

मेरी टिनेटी या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंच्याहत्तरी गाठलेल्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं. १९८८ साली तो अभ्यास छापून आला. तिघांतला जवळजवळ एक जण पडला होता. ज्यांच्यात धोक्याचं एकही कारण नव्हतं, त्यांची पडण्याची शक्यता ८ टक्के होती. चार किंवा जास्त कारणं एकत्र आली तिथे ती ७८ टक्क्यांवर गेली. झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या त्या कारणांत सर्वांत वर. म्हणून ‘वय झालं, पडायचंच’ हे बोलणं मला आता ऐकवत नाही. वयाला इलाज नसेल, मोतीबिंदूला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यांखालोखाल हेच कारण, आणि त्यात सर्वाधिक भरणा साठीपुढच्यांचा.

साठीतली बाई पडताना हात पुढे टाकते, तिचं मनगट मोडतं. ऐंशीच्या आसपास हात वेळेवर पुढे येत नाही, माणूस कुशीवर आदळतो आणि खुबा जातो. मग घरात हमखास चर्चा होते, ‘या वयात ऑपरेशन कशाला, झोपून राहू दे, हाड जुळेल.’ आमच्याकडेही झाली. ही माया घातक आहे. झोपून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणूनच शक्य तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून लगेच वॉकर हातात देतात. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर काही आठवड्यांनीसुद्धा पेशंट गुंगायला लागतो. ती सुस्ती अंगावर काढू नये.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं. भीती मात्र राहिली. आई खिडकीपर्यंतही भिंत धरून जायची. आम्ही भर घातली: ‘तू उठू नकोस, मी देते.’ माणूस जितका बसून राहतो तितके पाय लटके पडतात, आणि लटके पाय पुन्हा पाडतात. तेव्हा तिने सांगितलं, की न्हाणीघरात पडण्याआधीही ती दोनदा पडली होती. एकदा तुळशीपाशी, एकदा जिन्यात. ‘कळलं असतं तर मला देवळात जाऊ दिलं नसतंत.’ तिचं म्हणणं खरं होतं.

तिला बसवून ठेवण्याऐवजी चालवायला हवं होतं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात बेतलेले व्यायाम फिजिओथेरपिस्टने तिला शिकवले: ओट्याला धरून टाचा उचलायच्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, एकामागे एक पाऊल ठेवत चालायचं. या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश कमी झाल्याचं दिसलं आहे. डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्यांची पिशवी नेऊन उपडी केली. झोपेची गोळी हळूहळू बंद झाली. मोतीबिंदू काढला. न्हाणीघराची आतली कडी काढली, भिंतीला दांडी बसवली.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला पाटावर बसता येत नाही. यंदा तेल-उटणं हॉलमध्ये, खाली रबरी मॅट घालून खुर्चीवर लागेल. पाटाभोवती काढायची ती रांगोळी सुनेने गेल्या वर्षीच खुर्चीच्या चार पायांभोवती काढली होती, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून.