खाऱ्या हवेतली एका गिअरची सायकल

रायगडच्या किनाऱ्यावर सायकल चालून झिजण्याआधी गंजून जाते. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात पडवीला टेकवलेली जुनी सायकल निरखून पाहा. टायरची नक्षी अजून शाबूत असते, सीट धड असते, पण चेन तांबूस झालेली असते आणि तारा रिमपाशी खाऊन बारीक झालेल्या असतात. दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा मिठाचे बारीक कण आणतो. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडावर एक ओलसर पापुद्रा राहतो आणि गंज थांबत नाही.

म्हणून इथे सायकलचे भाग निवडताना वजन आणि वेग यांच्या आधी एक गोष्ट बघावी: तो भाग गावातल्या दुकानात उघडता येतो का, पुसून, तेल-ग्रीस घालून परत बसवता येतो का. या कसोटीला एका गिअरची सायकल पुरेपूर उतरते. गिअरच्या सायकलीतल्या बारीक स्प्रिंगा, केबली आणि छोट्या चकत्या मीठ सगळ्यांत आधी धरतं. साध्या काळ्या सायकलीला यातलं जवळजवळ काही नसतं, आणि तिचा प्रत्येक भाग तालुक्याच्या गावी मिळतो.

आधी दात ठरवावेत. जुन्या पद्धतीच्या 28 इंची सायकलीला पुढच्या चक्राला बहुधा 44 आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 दात असतात. 44 भागिले 18 म्हणजे 2.44. पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर, म्हणजे एका फेरीत सायकल सुमारे 5.4 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी 19-20 किलोमीटरचा वेग मिळतो. अलिबागहून आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्याला जाणारा रस्ता वाड्यांमधून, जवळपास सपाटीने जातो. तिथे हे दात अगदी योग्य आहेत. पण रोजची वाट कार्ले खिंडीतून असेल, किंवा साळावचा पूल ओलांडून काशीद-मुरूडकडे जायचं असेल, तर मागे 20 दातांचं फ्रीव्हील घ्यावं. एका फेरीतलं अंतर 4.8 मीटरवर येतं आणि चढावर गुडघ्यांचा भार हलका होतो. दोन दात वाढल्याने चेन तेवढी जास्त वेढली जाते, म्हणून चाक सुमारे सहा मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. मागच्या खाचेत तेवढी जागा असते, त्यामुळे चेन तीच चालते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून समोरचा वारा लागतो तेव्हाही हेच दोन दात कामाला येतात. सपाटीवर थोडा वेग जातो, पण रोज सामान घेऊन फिरणाऱ्याला मी 20 दातच सुचवेन.

आता चेन. किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त लक्ष हिलाच द्यावं लागतं. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं. एका गिअरच्या चेनची आतली रुंदी 1/8 इंच, तर गिअरवाल्या सायकलीची चेन 3/32 इंचाची, म्हणजे अरुंद. दुकानात 1/8 ची चेन मागून घ्यावी. अरुंद चेन रुंद दातांवर नीट बसत नाही. चेन 'लांबली' असं आपण म्हणतो तेव्हा पत्ती ताणली गेलेली नसते. आतली प्रत्येक पीन आणि तिच्याभोवतीचं बूश थोडं थोडं झिजतं, आणि ती सगळी झीज मिळून लांबी वाढते. मीठ आणि पुळणीतली वाळू ही झीज झपाट्याने वाढवतात, कारण वाळूचा कण पिनेच्या सांध्यात शिरला की आतून घासतच राहतो.

ही झीज साध्या पोलादी पट्टीने मोजता येते. चेन ताणलेली असताना एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि चोविसावी पीन बघा. नव्या चेनमध्ये ती बरोबर 12 इंचांवर येते. 1/16 इंच पुढे गेली असेल तर नवी चेन आणून ठेवा. 1/8 इंच पुढे गेली असेल तर चेन बदलाच, आणि दातही तपासा. झिजलेले दात एका बाजूला झुकून टोकदार होतात. अशा दातांवर नवी चेन घातली तर ती घसरते आणि लवकर खराब होते.

चेनला तेल घालायची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकते. जळकं इंजिन ऑइल ओतून चाक फिरवलं की चेन काळी कुळकुळीत दिसते, पण त्या चिकट तेलावर वाळू बसते आणि घासणीचा लेप तयार होतो. आधी चेन रॉकेलने किंवा डिझेलने ब्रश मारून धुवावी आणि उन्हात पूर्ण वाळवावी. मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने पातळ मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडावा, पायडल उलटं फिरवून तेल आत मुरू द्यावं, आणि शेवटी बाहेरून फडक्याने चेन कोरडी पुसावी. तेलाची खरी गरज पिनेच्या आत आहे. पत्तीवर गंज धरू नये इतका हात फिरलेला असला की पुरे.

चेन किती ताठ ठेवायची? वरची बाजू मध्यावर बोटाने दाबली तर एक ते दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. पुढचं चक्र क्वचितच अगदी गोल असतं, म्हणून पायडल सावकाश फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ होते ती जागा शोधावी आणि मोजमाप तिथेच घ्यावं. ढिल्या जागेवर मोजलं तर ताठ जागेवर चेन ओढली जाते आणि हबचे छर्रे भार सोसतात. मागून एक डोळा मिटून पाहिलं तर पुढचं चक्र आणि फ्रीव्हील एका रेषेत दिसली पाहिजेत. ती तशी नसतील तर चेन कुरकुरते आणि दात एका अंगाने झिजतात.

फ्रीव्हीलच्या आत दोन छोटे खटके असतात. केसासारख्या बारीक स्प्रिंगने ते बाहेर ढकललेले असतात. पायडल मारलं की आतल्या दात्यांत अडकतात, थांबलं की टकटक करत घसरतात. मासळीची पेटी कॅरियरवर असेल तर बर्फाचं खारट पाणी नेमकं यावर गळतं. इथे घट्ट ग्रीस कधीच भरू नये. ग्रीसमध्ये खटके चिकटून बसतात, आणि चढावर उभं राहून जोर देताना पायडल एकदम मोकळं सुटतं. त्यात माणूस तोंडावर आपटू शकतो. सायकल आडवी करून चाक फिरवत पातळ तेल सोडावं, टकटक स्वच्छ ऐकू येईपर्यंत.

मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरणाऱ्या तरुणांच्या सायकलींत हल्ली 'फिक्सी'ही दिसतात. यात फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरतंच. अशी सायकल करायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. साध्या हबवर फिक्स दाताचं चक्र आटे जुळून बसतं, पण पाय मागे दाबून वेग कमी करताना तेच आटे उलटे सुटतात. फिक्स हबवर म्हणूनच उलट्या आट्याची दुसरी चकती असते, जी पहिलीला सुटू देत नाही. ही चकती नसलेल्या हबवर फिक्स चक्र बसवू नये, आणि पुढचा ब्रेक काढू नये. चाक अडवून घसरत थांबण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी दातांचा हिशेब करावा: 48/16 म्हणजे 3/1, टायर दरवेळी एकाच जागी घासतो. 46/17 घेतले तर घासणं 17 जागी वाटलं जातं. चेन उतरली तर फिक्स सायकलीत ती फिरत्या चाकात अडकते, म्हणून तिचा ताठपणा इथे दुप्पट काटेकोर ठेवावा.

चाकांबद्दल माझं मत ठाम आहे. क्रोमचं पोलादी रिम पावसात ओलं झालं की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं आणि थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. अॅल्युमिनियमचं रिम घ्यावं, तारा स्टेनलेसच्या आणि त्यांचे निप्पल पितळी. अॅल्युमिनियमचे निप्पल इथे तारेला धरून बसतात आणि आउट काढायला गेलं की तुटतात. सीटची दांडी अॅल्युमिनियमची आणि फ्रेम लोखंडी असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना घट्ट पकडतात, म्हणून दांडी वर्षातून दोनदा काढून ग्रीस लावून बसवावी.

हब आणि क्रँकच्या छर्‍यांसाठी पाण्याला दाद न देणारं, बोटीच्या कामाचं ग्रीस बंदराजवळच्या दुकानात मिळतं, तेच वापरावं. क्रँक आसावर पक्का धरणारी कॉटर पीन काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्यायला सांगा. टेकू नसेल तर हातोड्याचा घाव थेट आतल्या वाटीवर बसतो आणि वाटीत खळगे पडतात. नवा कॉटर बसवल्यावर थोडं चालवून नट पुन्हा आवळून घ्यावा.

पुळणीवर सायकल नेलीच तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण हबवर पाण्याची जोरदार धार मारू नका. फडक्याने पुसा, चेन वाळवा, तेल द्या. आणि ओव्हरहॉलिंग मे महिन्यातच उरकून घ्या. पावसाळा संपेपर्यंत मिठाचं पाणी छर्‍यांत राहिलं तर सप्टेंबरमध्ये वाटी, कोन आणि छर्रे तिन्ही बदलावे लागतात.