कुमारवयीन वाचकांसाठी भयकादंबऱ्या

तेरा ते अठरा या वयातील वाचकांना भुतापेक्षा मोठ्यांची असहायता जास्त घाबरवते. या वयासाठीच्या इंग्रजी भयकथा बहुधा तिथूनच सुरू होतात. जोनाथन स्ट्राउड यांची ‘लॉकवुड अँड कंपनी’ ही पाच कादंबऱ्यांची मालिका (२०१३ ते २०१७) याचा उत्तम नमुना. तिच्यातील लंडनला भुतांनी ग्रासले आहे आणि त्यांचा स्पर्श जीवघेणा ठरतो. मात्र ती स्पष्ट जाणवतात फक्त मुलांना. वय वाढले की ही शक्ती ओसरते. त्यामुळे तलवार, मीठ आणि लोखंडी साखळ्या घेऊन रात्री पडक्या घरांत शिरायचे काम पोरांच्याच अंगावर येते. सुरुवात ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’पासून करावी. तिच्यात विनोदही भरपूर आहे, आणि जिना मात्र खरोखरच अंगावर काटा आणतो.

रॅन्सम रिग्ज यांच्या ‘मिस पेरेग्रिन्स होम फॉर पिक्युलियर चिल्ड्रन’मध्ये (२०११) जुनी, अस्सल छायाचित्रे गोष्टीत गुंफली आहेत. कथेपेक्षा तीच अधिक अस्वस्थ करतात.

भुते नकोत, नुसती धाकधूक हवी, तर लोइस डंकन यांची ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ (१९७३) घ्यावी. चार तरुणांच्या गाडीखाली सायकलवरचा एक मुलगा सापडतो, ते गप्प राहतात आणि पुढे एक चिठ्ठी येते. तिच्यावरील १९९७च्या चित्रपटातला आकडेवाला खुनी पुस्तकात नाही. डंकन यांना चित्रपटातला रक्तपात मुळीच रुचला नव्हता.